चिलापी थंडीत मरत नाही, थांबते: पाण्याचं तापमान आणि परक्या माशांची वीण

पाझर तलाव ठेक्याने घेतलेल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "आम्ही दरवर्षी ऑगस्टमध्ये कटला, रोहू, मृगळची बोटुकली (बोटभर लांबीची पिल्लं) सोडतो. तरी तलावात चिलापीच जास्त. डिसेंबर-जानेवारीत तिची पिल्लं दिसत नाहीत, म्हणून वाटतं की थंडीने संपली. पण मार्च उजाडला की काठाला पिल्लांचे थवे. चिलापी किती तापमानाला मरते? तापमानाचा आणि तिच्या विणीचा नेमका संबंध काय? आणि हिवाळे असेच कमी होत गेले तर पुढे काय होईल?"

आधी थेट उत्तर देतो. आपल्या महाराष्ट्राच्या पठारावर चिलापी थंडीने मरेल ही आशा सोडून द्या. तिची, म्हणजे मोझांबिक तिलापियाची, सहनशक्ती गोड्या पाण्यात साधारण 8 ते 10 अंश सेल्सियसच्या आसपास संपते. 15-16 अंशांना ती खाणं सोडते, सुस्त होते, अंगावर बुरशी धरते, त्यातली काही दगावतातही. पण आपल्या तलावांचं खोल पाणी कडाक्याच्या थंडीतही सहसा 17-18 च्या खाली उतरत नाही. बाहेर हवा 8 अंश असली तरी पाणी तेवढं थंड होत नाही, आणि मासा हवेत नाही, पाण्यात राहतो. त्यामुळे जानेवारीत जे होतं तो फक्त विणीचा खंड आहे. पाणी 20 अंशांच्या खाली गेलं की वीण बंद. 22 च्या वर स्थिरावलं की सुरू. 25 ते 30 मध्ये पूर्ण जोरात. तुमच्या तलावातली चिलापी जानेवारीत तिथेच असते, खोल बाजूला, फारसं न खाता, न विता.

म्हणून "किती अंशांना मरते" हा प्रश्न आपल्याकडे फारसा कामाचा नाही. "वर्षातले किती आठवडे पाणी 22 अंशांच्या वर राहतं" हा कामाचा. पुढचं सगळं त्याच आकड्याभोवती फिरतं.

तापमान माशाच्या शरीरात काय करतं ते समजून घ्या. मासा थंड रक्ताचा, त्याच्या शरीराचं तापमान पाण्याइतकंच. मेंदूला दिवस मोठा होत चालल्याचं आणि पाणी कोमट झाल्याचं कळलं की मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून संप्रेरकं सुटतात. त्यांच्या इशाऱ्यावर अंडाशय इस्ट्रोजेन तयार करतं, इस्ट्रोजेनमुळे यकृत बलकाचं प्रथिन बनवायला लागतं, आणि ते रक्तातून जाऊन अंड्यांत साठतं. गाभोळी भरणं म्हणजे हे. या साखळीतली प्रत्येक पायरी रासायनिक आहे, आणि ऊब वाढली की प्रत्येक पायरी ठरावीक मर्यादेपर्यंत वेग धरते. थंड पाण्यात अंडी मरत नाहीत, भरायची थांबतात. काही माशांत भरलेली गाभोळी शरीर पुन्हा शोषून घेतं आणि पुढच्या मोसमाची वाट पाहतं.

इथे चिलापीची एक खास गोष्ट आहे. मादी चिरून पाहा. गाभोळीत सगळी अंडी एका आकाराची नसतात: काही मोठी, पिवळसर, घालायच्या बेतातली, काही मध्यम, काही खसखशीपेक्षा बारीक. एक खेप बाहेर पडते तेव्हा पुढची आत भरत असते. रोहू-कटल्याच्या मादीत तसं नसतं. तिथे जवळपास सगळी गाभोळी एकदम पिकते आणि वर्षाची विण एका पावसाळ्यात उरकते.

चिलापीची वीण स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची असेल तर मार्चमध्ये पाणी उतरत असताना तलावाच्या उथळ, मातीच्या काठाने चाला. पाणी मागे हटलेल्या जागी वीतभर ते हातभर रुंदीचे वाटोळे खड्डे एकाला एक लागून दिसतील. तळ साफ केलेला, कडेला माती सारलेली. हे नराने तोंडाने माती उचलून केलेले. मादी तिथे येते, अंडी घालते, आणि लगेच स्वतःच्या तोंडात भरून घेते. नर खड्ड्यावरच राहतो, पुढच्या मादीसाठी. तोंडात अंडी असलेली मादी गिलनेटमध्ये, म्हणजे कल्ल्यांत अडकवणाऱ्या जाळ्यात, सापडली की तिचा खालचा जबडा फुगलेला दिसतो. जाळं होडीत ओढताच ती तोंडातलं सगळं ओकून टाकते. होडीच्या फळीवर कधी पिवळी अंडी पडतात, तर कधी डोळे आणि पिवळ्या थैल्या असलेली पिल्लं वळवळत असतात. मादी जाळ्यात आली, तरी तिची पिल्लं पाण्यातच ओकून झाली असतील आणि ती पोहण्याइतकी मोठी असतील, तर ती तरतात.

तोंडातल्या या अंड्यांवर तापमानाचा परिणाम सगळ्यात स्पष्ट दिसतो. 28 अंशांच्या आसपास अंडी चार-पाच दिवसांत फुटतात आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत पिल्लं आईला सोडून स्वतंत्र होतात. पाणी 22-23 असेल तर हाच प्रवास बराच लांबतो. या काळात मादी जवळजवळ काही खात नाही, म्हणून थंड पाण्यात तिची झीज जास्त दिवस चालते आणि पुढची खेप उशिरा येते. गरम पाण्यात पिल्लं सोडली, दोन-तीन आठवडे खाल्लं, की मादी पुन्हा खड्ड्यावर. सोयीच्या पाण्यात एक मादी वर्षाला सहा किंवा त्याहून जास्त वेळा विते. एका खेपेला अंडी काहीशेच, मोठ्या मादीत हजारापर्यंत. रोहूची मादी किलोमागे दोन लाखांहून जास्त अंडी देते, त्यापुढे हे काहीच नाही असं वाटेल. पण रोहूची अंडी पाण्यात सोडून दिलेली असतात. चिलापीची आईच्या तोंडात वाढतात, आणि त्यातली बरीच जगतात.

आता तुमच्या तलावाचा हिशोब करा. पठारावर साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत उथळ पाणी 22 च्या वर असतं. म्हणजे वर्षातून नऊ महिन्यांहून जास्त विणीचे. पण खरा घोटाळा पुढे आहे. गर्दीच्या, खाणं कमी असलेल्या गरम पाण्यात चिलापी दोन-तीन महिन्यांची असतानाच, आठ-दहा सेंटीमीटर लांबीची, विण्याजोगी होते. मार्चमध्ये जन्मलेलं पिल्लू त्याच वर्षी आई होतं, आणि त्याची पिल्लंही थंडीआधी स्वतंत्र होतात. हे चक्रवाढ व्याज आहे, आणि व्याजाचा दर पाण्याची ऊब ठरवते. तुमच्या जाळ्यात बोटाएवढी चिलापी का भरते आणि पाव किलोची क्वचितच का येते, त्याचं उत्तर इथे आहे: मासा वाढण्याऐवजी विण्यावर शक्ती खर्च करतो. झांबेझीच्या खालच्या खोऱ्यातला आणि दक्षिण-पूर्व आफ्रिकेच्या किनारी नद्यांतला हा मासा भारतात 1952 साली आणला गेला तो स्वस्त प्रथिनासाठी. तळी बारीक माशांनी भरताहेत हे काही वर्षांतच कळलं आणि 1959 साली त्याच्या प्रसारावर बंदीही आली. तोवर तो पाण्यात गेलेला होता.

कटला, रोहू आणि मृगळ यांना चिलापीशी तोलताना एक गोष्ट विसरू नका. त्यांनाही ऊब लागते, साधारण 25 ते 30 अंश. म्हणजे तापमानाची अट जवळपास सारखीच. मग तुमच्या तलावात ते का वित नाहीत? कारण त्यांना नुसती ऊब पुरत नाही. वाहतं, चढतं, गढूळ पुराचं पाणीही लागतं. बांधलेल्या पाण्यात ते पिकतात पण अंडी घालत नाहीत. म्हणून तर 1957 साली ओडिशातल्या अंगुळला हिरालाल चौधुरी आणि अलीकुन्ही या मत्स्यशास्त्रज्ञांनी पिट्युटरीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन त्यांना तळ्यात व्यायला लावलं, ती आपल्या सगळ्या बीज केंद्रांची सुरुवात ठरली. चिलापीला मात्र फक्त ऊब आणि जरा उथळ माती हवी. म्हणून प्रत्येक जादा उबदार आठवडा तिच्या खात्यात जमा होतो आणि कटल्याच्या खात्यात शून्य. हा फरक कळल्याशिवाय "आपण एवढं बीज सोडतो, मग तेच का हरतात" याचा उलगडा होत नाही.

तापमानाच्या दुसऱ्या टोकाला सायप्रिनस (कॉमन कार्प) आहे, आणि तोही परकाच. भारतात त्याचा बँकॉककडचा वाण 1957 मध्ये आला. त्याची वीण 18 ते 24 अंशांना रंगते, म्हणून आपल्याकडे जानेवारी ते मार्च हा त्याचा मुख्य मोसम आणि पावसाळ्यात जुलै-ऑगस्टला दुसरा. म्हणजे चिलापी थांबलेली असते तेव्हा सायप्रिनस वित असतो. एकाच तलावात दोघे असतील तर वर्षाचा जवळपास एकही महिना रिकामा राहत नाही. सायप्रिनसला पूर लागत नाही. शेवाळ, पाणवनस्पती, जलपर्णीच्या मुळ्या पुरतात, कारण त्याची अंडी चिकट असतात आणि त्यांनाच चिकटून दोन-तीन दिवसांत फुटतात. पण यातच त्याचा कच्चा दुवा आहे. बीज केंद्रावर आम्ही हायड्रिलाच्या किंवा जलपर्णीच्या जुड्या पाण्यात ठेवतो, रात्रभरात मासे त्यांवर अंडी चिकटवतात आणि सकाळी जुड्या उचलून उबवणुकीच्या हौदात नेतो. तुम्हाला सायप्रिनस नकोच असेल तर हेच उलटं करा: फेब्रुवारीत, पहाटेच्या थंडीनंतर दिवसभर ऊन पडू लागलं की उथळ बाजूला जुड्या बांधा, आणि अंडी लागलेल्या जुड्या रोज सकाळी उचलून काठावर उन्हात वाळवा. अंडी चिकटलेली असतानाच पाणी एक-दोन फूट उतरलं तरी काठावरची सगळी वाळून जातात. चिलापीवर यातलं काही चालत नाही. तिची अंडी आईबरोबर हलतात.

मांगूरबद्दल थोडक्यात. आफ्रिकी मांगूरच्या पैदाशीला केंद्राने 2000 सालीच बंदी घातली, तरी तो चोरून पाळला जातो आणि पुरात निसटून नदीत जातो. त्याची गाभोळी थंडीत सुस्त पडते, उबेत भरते, आणि अंडी घालायला पावसाने चढलेलं पाणी लागतं. तापमान त्याच्या घड्याळाचा वेग किती बदलतं याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण हॅचरीतलं आहे. इंजेक्शन दिल्यावर मादी पिळून अंडी काढायला 20 अंशांना सुमारे 21 तास थांबावं लागतं, 25 ला 11 तास आणि 30 ला 7 तास. अंडी फुटायलाही 20 अंशांना दोन दिवसांहून जास्त लागतात, 30 ला दिवसही पुरा होत नाही. अवघ्या दहा अंशांत वेळ एक तृतीयांश. उजनीत ज्याचा त्रास मच्छीमार सांगतात तो सकर मासाही उबदार पाण्याचाच. नर काठाच्या मातीत बीळ खणून आत अंडी राखतो, आणि उष्ण प्रदेशात त्याचा मोसम लांबलचक असतो. गावच्या विहिरींत आणि नाल्यांत डासांसाठी सोडलेले गप्पी आणि गंबुसियाही विसरू नका. गंबुसिया 1928 मध्ये मलेरियासाठी भारतात आला. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि उन्हाळ्यात साधारण महिन्याला एक खेप. दिवस मोठा आणि पाणी कोमट, एवढंच त्यांना हवं. तुमच्या तलावात मात्र कुणाच्या सांगण्यावरून सोडू नका. देशी माशांची अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं ते खातात.

उबेला वरूनही मर्यादा आहे. पाणी 34-35 च्या वर गेलं की चिलापीची वीण मंदावते. याचं एक कारण ऑक्सिजन. समुद्रसपाटीला 20 अंशांचं पाणी लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, 30 अंशांचं साडेसातच. पण गरम पाण्यात माशाची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते, आणि तोंडात अंडी घेतलेली मादी त्यांना सतत घुसळत असते. मेच्या दुपारी गुडघाभर पाण्यात वीण जवळपास थांबलेली आढळेल. पण ती खोल बाजूला सरकते आणि जूनच्या पहिल्या पावसाने पाणी 28 वर आलं की परत फिरते. मेचा हा खंड फार छोटा आहे, त्यावर विसंबू नका.

तापमानाने चिलापीचं लिंगही बदलतं, असं तुम्ही ऐकलं असेल. नाईल तिलापियाच्या पिल्लांना सुरुवातीच्या दिवसांत 35-36 अंशांच्या पाण्यात ठेवलं तर नरांचं प्रमाण वाढतं, हे खरं आहे. पण सगळ्या घराण्यांत सारखं होत नाही, आणि हे नियंत्रित टाकीतलं काम आहे. तलाव तापल्याने चिलापीची जमात नरांची होऊन संपेल, ही कल्पना डोक्यातून काढा. खड्ड्यावरचा एक नर अनेक माद्यांना पुरतो.

हिवाळ्यांचा प्रश्न तुम्ही बरोबर विचारला. आपल्या पठारावर थंडी त्यांना मारत नाही, पण वर्षातून साधारण अडीच महिन्यांचा थांबा ती देते. तो थांबा दोन्ही टोकांनी आखडला, फेब्रुवारीऐवजी जानेवारीच्या शेवटी पाणी 22 वर आलं आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत टिकलं, तर वाढलेल्या चारेक आठवड्यांत एक जादा खेप होऊ शकते. खेपेपेक्षाही महत्त्वाचं हे की लवकर जन्मलेल्या पिल्लांना त्याच वर्षात व्यायला वेळ मिळतो. थंड मुलखात तर याहून मोठा फरक पडतो. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात हेझलवुड वीजकेंद्राच्या कोमट तलावात उष्ण प्रदेशातले सिक्लिड, म्हणजे चिलापीच्याच कुळातले, मासे टिकून राहिले होते. आजूबाजूच्या थंड पाण्यात ते हिवाळा काढू शकले नसते. आपल्याकडे औष्णिक केंद्राचं गरम पाणी जिथे नदी-तलावात सुटतं तिथे जगण्याचा प्रश्न नसतो, पण जानेवारीचा खंड भरून निघू शकतो. तुमचा तलाव अशा ठिकाणाच्या खालच्या अंगाला असेल तर तापमान मोजल्याशिवाय काहीच गृहीत धरू नका.

आता करायचं काय. पहिलं, पाण्यात बुडवायचं साधं थर्मामीटर घ्या आणि डिसेंबरपासून नोंद ठेवा: पहाटे आणि दुपारी तीनला, गुडघाभर पाण्यात आणि दोन मीटर खोलीवर. हवेचं तापमान लिहून उपयोग नाही. ज्या आठवड्यात उथळ पाणी पहाटेही 22 च्या वर राहिलं, त्याच आठवड्यात तुमची मोहीम सुरू झाली पाहिजे. त्या आधीची चिलापी खोलात, जाळ्याबाहेर. त्या नंतरची खड्ड्यांवर एकवटलेली. फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चमध्ये, पहिली खेप तोंडातून सुटण्याआधी, खड्ड्यांच्या पट्ट्यात ओढजाळं आणि फेकजाळं भरपूर चालवा. लहान-मोठी सगळी काढा, परत सोडू नका. मे महिन्यात हजार चिलापी काढण्यापेक्षा मार्चमध्ये शंभर मोठ्या माद्या काढणं जास्त गुणाचं.

पाझर तलाव मेमध्ये पूर्ण कोरडा पडत असेल तर यासारखा उपाय नाही, पण मधला डोह कुठे राहिला आहे का ते पायाने पाहून या. कंबरभर पाण्याच्या एका डोहात तोंडात पिल्लं असलेली एखादी मादी वाचली तरी जूननंतर तलाव पुन्हा तिचा. तसा डोह राहिला असेल तर तोच जाळ्याने पूर्ण उपसा. नको असलेले मासे मारायला मोहाची पेंड हेक्टरी 2500 किलोच्या हिशोबाने नर्सरी तळ्यात वापरतात आणि गरम पाण्यात तिचा परिणाम लवकर होतो. पण जनावरं पाणी पितात आणि विहिरींना पाझर जातो अशा तलावात ती टाकू नका, आणि सरकारी तलाव असेल तर मत्स्य खात्याला विचारल्याशिवाय अजिबात नाही. मरळ मात्र सोडायला हरकत नाही. तो आपला देशी मासा, काठाच्या शेवाळात दबा धरून बसतो, आणि चिलापीची पिल्लं त्याच उथळ पाण्यात असतात. मरळ सोडलात तर कटला-रोहूची बोटुकली त्याच्या तोंडात मावणार नाही एवढी मोठी, चार-पाच इंचांची सोडा. चिलापीच्या बोटाएवढ्या गर्दीत बारीक बीज टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

आणि ऑगस्टला बीज येईल तेव्हा पिशवी उघडून पांढऱ्या घमेल्यात थोडं ओता. कटला-रोहूच्या पिल्लाच्या पाठीवरचा पर आखूड आणि मऊ असतो. चिलापीच्या पिल्लाला डोक्यामागून शेपटीपर्यंत जाणारा काटेरी पर आणि त्या पराच्या मागच्या भागात काळा ठिपका दिसतो. एका घमेल्यात असे दोन-चार जरी आढळले तरी ती पिशवी तलावात सोडू नका, गाडीवाल्याला परत द्या.